टेकडीच्या आजोबांचा सिनेमा

८ एप्रिल

वही घेतली त्याला दोन महिने होऊन गेले, आणि आजवर तिच्यात काय? पहिल्या पानावर माझं नाव, क्राते, आणि त्याखाली एक पाल. तीही शेपटीवाचून, कारण शेपटी काढताना पेन संपलं. मग नवं पेन मिळालं तर पी सेंगने ते जनरेटरची नळी साफ करायला नेलं. मग उकाडा सुरू झाला. उद्या लिहू, उद्या लिहू. खरं सांगायचं तर कारण वेगळंच आहे. लिहायला बसलं की मला भीती वाटते हे लिहावं लागणार, आणि लिहिलं की ते खरं होणार.

तर आता लिहून टाकते. मला रिकाम्या खुर्च्यांची भीती वाटते.

आमचा धंदा सिनेमा दाखवायचा. एक जुना ट्रक, त्याच्यात मशीन, पडदा, दोन मोठे कर्णे आणि रिळांचे डबे. गाडी पी सेंग चालवतो, पी म्हणजे दादा. तो माझ्याहून वीस वर्षांनी मोठा, पण अक्कल माझ्याएवढीच. मालक लुंग खाम्फन. माझे सख्खे काका नव्हेत, पण आता मी त्यांना लुंगच, म्हणजे काकाच म्हणते, आणि बाहेरची माणसं मला त्यांची पुतणीच समजतात. परदेशी सिनेमातली भाषा आमच्याकडे कुणाला कळत नाही, म्हणून लुंग मशीनशेजारी माईक घेऊन बसतात आणि सगळ्यांचं बोलणं एकटे बोलतात. नायक, खलनायक, आत्या, तान्हं मूल, कुत्रा. सगळे त्यांच्या एकट्याच्या घशातून निघतात.

एप्रिल म्हणजे आमची सुगी. पोरं सैन्याच्या चिठ्ठ्या काढायला जातात. लाल निघाली तर दोन वर्षं बंदूक, काळी निघाली तर घरी. आया टेकडीच्या आजोबांना, म्हणजे टेकडीवरच्या आमच्या देवाला, नवस बोलतात, की माझ्या पोराला काळी निघू दे, तुम्हाला सिनेमा दाखवीन. काळी निघाली की आम्ही जातो. आजोबांच्या देवळीसमोर पडदा बांधायचा, चार ओळी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायच्या, पहिल्या ओळीपुढे लाल सरबताच्या बाटल्या नळ्या घालून ठेवायच्या, आणि सिनेमा सुरू करायचा. जिवंत माणूस बघायला येत नाही. प्रत्येकाकडे फोन आहे. बघतात ते आजोबा आणि त्यांचे सोबती.

खुर्च्या मीच मांडते. काल मांडून झाल्यावर मागे वळून बघितलं तर पहिल्या ओळीतली एक खुर्ची जराशी वाकडी होती. मी सरळ मांडली होती. वाऱ्याने हलली असेल. वारा नव्हता.

१० एप्रिल

बसस्टँडवर भाजलेली कोंबडी विकणारी पेंग मावशी आज आली. तिच्या तोनला काळी चिठ्ठी निघाली. इतकी खूश की आमच्यासाठी अख्खी कोंबडी आणि चिकट भाताच्या तीन टोपल्या घेऊन आली. तिची कोंबडी ती लेमनग्रासच्या काड्यांवर भाजते. मी ते एकदा नाखोनला करून बघितलं होतं, तेव्हा मी कोळंबीच्या तळ्यावर कामाला होते, आणि काडी पेटून माझी भुवई जळाली. ते असो.

लुंगनी विचारलं, "कुठला सिनेमा बोललीस?"

"सिनेमा बोलले. कुठला ते आजोबांनी विचारलं नाही," पेंग मावशी म्हणाली. "काहीही लावा. फक्त भुताचा नको. त्यांना भुताचा कशाला दाखवायचा? त्यांचं ते घरचंच."

लुंग हसले आणि हसता हसता खोकले. उकाड्यात गळ्याला चौकड्यांचं कापड गुंडाळून बसतात. दिवसभर तोंडात खारवलेला आवळा. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "या वेळी ही निवडेल. मॉलमध्ये बसून सिनेमे बघितलेत बाईसाहेबांनी."

हे खरं आहे. कोरातला चपलांच्या दुकानात होते तेव्हा सुट्टी मिळाली की मी मॉलमधल्या थिएटरात जाऊन बसायचे. सिनेमासाठी नाही, गारव्यासाठी. त्यामुळे वीरांचे सिनेमे मी ढिगाने बघितलेत, अर्धे झोपेत. माझं मत असं की या वीरांनी तोंडाला फडकं बांधलं की बायकोसुद्धा ओळखत नाही, हे थोडं जास्तच होतं. माझी आई मला अंधारात खोकल्यावरून ओळखायची. दुसरं म्हणजे वीर अख्खं शहर पाडतो, मग उडून जातो. झाडायला कोण येतं? तरी बघायला बरं वाटतं. कुणीतरी वरून येऊन उचलून नेईल असं थोडा वेळ वाटत राहतं.

मी मुठीत वीज असलेल्या वीराचा निवडला. लुंग म्हणाले, "घे. पण वीराला आवाज द्यायला मला कंटाळा येतो. ज्याला कशाचीच भीती नाही तो बोलणार काय? 'मी आलोय', 'मागे हट', संपलं. मजा खलनायकाची. तो घाबरलेला असतो, म्हणून बडबडतो."

"मग मी खलनायकच म्हणायची," मी म्हणाले.

"तू? तू खलनायकाच्या मागे धावणारी. पहिल्याच मारामारीत पडते ती," पी सेंग म्हणाला, आणि माझ्या वाट्याचा पंख खाऊन टाकला.

१३ एप्रिल

बाहेर सगळे एकमेकांवर पाणी ओततायत, नव्या वर्षाचा दंगा आहे, आणि मी गाडीत दार लावून बसले आहे.

काल पेंग मावशीचा सिनेमा होता. सूर्य कलला तसं सुरू केलं. शेवटच्या रिळापर्यंत सगळं ठीक. वीर ढिगाऱ्याखाली अडकलेला, त्याची आई त्याला हाका मारतेय, आणि लुंग त्या आईचा आवाज काढतायत. अंगावर काटा येतो असा. तेवढ्यात उन्हाळी वादळ आलं. न सांगता, भिंत कोसळावी तसं. पडदा मधोमध फाटला. खुर्च्या उडाल्या, जनरेटर खोकून बंद पडला. कर्णे मुके झाले तरी लुंग बोलतच होते. "बाळा! बाळा, कुठे आहेस?" मग त्यांच्या लक्षात आलं.

सगळ्या खुर्च्या शेतात जाऊन पडल्या होत्या. एक सोडून. पहिल्या ओळीतली ती एक जागची हलली नव्हती.

"तिचा पाय चिखलात रुतलाय," पी सेंग म्हणाला.

मला उपटून बघायचं धाडस झालं नाही.

राखणदार मून छत्री धरून आला. तो आजोबांच्या देवळीचा राखणदार, पानाने दात काळे, हसला तरी ओरडल्यासारखा दिसतो. म्हणाला, "अर्ध्यावर थांबवलंत? आमच्या बापाच्या वेळी असंच थांबलं होतं. जो बोलत होता त्याचं बोलणं आजोबांनी ठेवून घेतलं. उरलेलं ऐकायचं होतं ना त्यांना."

लुंग म्हणाले, "आजोबांना शेवट माहीत आहे. सगळ्या वीरांचा शेवट एकच."

आज सकाळी लुंगनी मला हाक मारली, आणि मला वाटलं कुणी परका माणूस आहे. आवाज नव्हताच. कोरड्या पानावरून पाय ओढावा तसं काहीतरी.

२१ एप्रिल

आवाज आला नाही. म्हणजे येतो आणि जातो. सकाळी थोडा असतो, दुपारी कापड फाटल्यासारखा, संध्याकाळी नाहीच. ठरलेले दोन कार्यक्रम सोडून द्यावे लागले.

मी पी सेंगला म्हणाले, "आजोबांनी घेतला."

तो चाकाखाली झोपून काहीतरी घट्ट करत होता. म्हणाला, "आजोबांनी घ्यायला इतके दिवस लावले? थंडीपासूनच त्यांचा घसा असा आहे. भाताची कापणी झाली तेव्हा नाही का, आत्याबाईचं बोलताना मधेच थांबले?"

पी सेंगला महिन्यांचं भान नाही. तो स्वतःचा वाढदिवस पण चुकवतो. थंडीत सगळ्यांचाच घसा बसतो. माझासुद्धा बसला होता.

पेंग मावशी येऊन गेली. तिची वेगळीच धास्ती. "अर्धा नवस म्हणजे नवस फिटला की नाही? उद्या सरकारने सांगितलं की चिठ्ठी चुकून काळी निघाली, तर?" मी म्हणाले, असं होत नसतं. पण आतून मलाही वाटलं, का नाही होणार?

आम्ही दोघी मूनकडे गेलो. त्याने डोळे मिटले, पान चघळलं, आणि सांगितलं, तोच सिनेमा पहिल्यापासून दाखवा. त्याच आवाजात. मधे थांबायचं नाही, माईकपासून उठायचं नाही, काहीही झालं तरी.

लुंगना सांगितलं. ते उजवा कान दाबून बसले होते. हल्ली कान दुखतो म्हणतात. घशाला काय झालं की कान का दुखावा? मला तर वाटतं कानात कुणी बोलत असेल. मी विचारलं नाही.

"दाखवू," ते म्हणाले. "आजोबा आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांना नाराज करून कसं चालेल?"

३ मे

काल दाखवला.

सुरुवातीला लुंगचा आवाज आला. खरंच आला! मी मनात म्हटलं, बघ, मान्य झालं. विजेचा वीर बोलला, त्याचा मित्र बोलला. मग खलनायकाचं ते लांब भाषण आलं, ज्यात तो सांगतो की लहानपणी त्याला कुणी वाढदिवसाला बोलावलं नाही म्हणून त्याने शहर जाळायला घेतलं. (हे मला कधी पटत नाही. मलाही कुणी बोलावलं नाही. मी बस पकडली आणि दुसऱ्या गावाला गेले.) भाषणाच्या मधोमध लुंगचा आवाज तुटला. तुटला म्हणजे दोरी तुटावी तसा. पण माईक सोडायचा नाही ना. ते कुजबुजत राहिले. शेवटची तीन रिळं सगळं कुजबुजून. नायक कुजबुजला, शहर पडलं तेव्हा लोक कुजबुजून किंचाळले, आणि ती आई ढिगाऱ्यावर उभी राहून कुजबुजली, "बाळा, कुठे आहेस?" तेवढे मोठे कर्णे, आणि त्यांतून ती कुजबुज भाताच्या रिकाम्या शेतांवरून पार तळ्यापर्यंत जात होती. लांबून एका कुत्र्याने रडायला सुरुवात केली. मी रिकाम्या खुर्च्यांकडे बघायचं नाही म्हणून माझ्या पायाच्या नखांकडे बघत बसले.

सिनेमा संपला. मधे थांबला नाही. लुंगनी तोंडावर कापड धरलं आणि बराच वेळ खोकले. कापडावर लाल.

"सरबत सांडलं," ते म्हणाले.

सरबताच्या सगळ्या बाटल्या तर आजोबांपुढे होत्या, भरलेल्या. मी मोजल्या नाहीत, पण भरलेल्या होत्या. आजोबांनीच थोडं लुंगना पाजलं, असं काहीतरी असेल. देवाधर्माच्या गोष्टीत फार विचारू नये.

९ मे

पूर्ण दाखवूनही आवाज आला नाही. उलट गेलाच. लुंग आता पेज पितात, आणि तीही जोर लावून गिळावी लागते. सदरा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबतो.

मला वाटतं आजोबांना वीराचा सिनेमाच आवडला नसावा. विचार करा, तुम्ही टेकडीचे मालक, झाडं, पाऊस, साप सगळं तुमच्या हाती, आणि तुमच्यासमोर कुणीतरी घट्ट कपडे घालून मुठीतून वीज काढून दाखवतोय. राग येणारच.

म्हणून आज दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, मी एकटी टेकडीवर गेले. उदबत्त्या लावल्या. दोनदा विझल्या, तिसऱ्यांदा पेटल्या. मी म्हणाले, "आजोबा, लुंगचा आवाज परत द्या. मी तुम्हाला घरच्यांनी मिळून बघायचा सिनेमा दाखवीन. कुत्रा हरवतो तो. आणि सगळ्यांचं बोलणं मी स्वतः बोलीन."

बोलून गेले खरी. मला साधं दुकानातसुद्धा मोठ्याने बोलता येत नाही.

कुटुंबाचे सिनेमे मला खरं म्हणजे जास्त आवडतात. लोक हसतात, पण त्यात निदान माणसं घाबरतात. मूल हरवलं की आई घाबरते, वादळ आलं की कुत्रा पलंगाखाली जातो. सगळं सोपं असतं हे मान्य. बापाला नेहमी काम असतं, आणि शाळेच्या नाटकाच्या दिवशीच त्याला शहाणपण येतं. आजी तर कधी मरत नाही, मेलीच तर सिनेमा सुरू व्हायच्या आधी. आणि शेवटी सगळे एका टेबलाशी जेवतात. आमच्या घरी टेबल नव्हतं, पण मला ते जेवण बघायला आवडतं. वाटतं, यांच्यात एक ताट वाढेल का.

टेकडीवरून उतरताना पेंग मावशी भेटली. कोळशाचं पोतं डोक्यावर. तिला सगळं सांगितलं, तर तिने पोतं खाली टाकलं.

"गाढवे! रक्त पडलं आणि तू उदबत्त्या लावतेस?"

"तूसुद्धा नवस बोललीस की तोनसाठी."

"मी चिठ्ठीसाठी बोलले. चिठ्ठीला डॉक्टर नसतो, घशाला असतो. माझा नवरा असाच कापड गुंडाळून बसायचा. वर्षभर. मग एक दिवस कापड सैल करायला गेले तर..." तिने वाकून पोतं परत डोक्यावर घेतलं. "उद्याच घेऊन जा. बांधून ने हवं तर."

१९ मे

उद्या म्हणता म्हणता दहा दिवस गेले. आधी लुंग नाही म्हणाले, मग पावसासाठी आभाळात अग्निबाण सोडतात ती जत्रा आली, मग गाडीचा पट्टा तुटला. आज पेंग मावशीने दुकान बंद ठेवलं आणि आमच्याबरोबर गाडीत येऊन बसली, तेव्हा कुठे गेलो.

जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळात कधी गेलात तर मागच्या दाराशी एक म्हातारी तळलेली केळी विकते, ती खा. मी सहा खाल्ली. काही झालं की मी खात सुटते.

डॉक्टर म्हणजे माझ्याच वयाची मुलगी. नाकातून नळी घालून बघितलं. लुंगना बाहेर बसवलं आणि आत विचारलं, "नातेवाईक कोण?"

पेंग मावशीने मला पुढे ढकललं.

"मी पुतणी," मी म्हणाले.

तिने कागदावर गळ्याचं चित्र काढलं. आवाज जिथून येतो तिथे गाठ आहे. वाईट गाठ. कधीपासून आहे? बरेच महिने, दिसतंच आहे ते. ती जागा पूर्ण काढावी लागेल. मग बोलता येणार नाही. "पण जगतील. अजून पसरलेली नाही. जूनच्या चार तारखेला मोठे सर्जन येतात, ती तारीख धरा. ती गेली तर पुढची कधी मिळेल मी सांगू शकत नाही. आणि गाठ थांबून राहणार नाही. आधी श्वास अडेल."

बरेच महिने, असं ती म्हणाली. वादळ तर आत्ता एप्रिलमध्ये झालं. हे माझ्या डोक्यात बसत नाही. आजोबांनी आधीच ठरवलं होतं की काय? की वादळाच्या आधीही आम्ही काही चुकलो होतो?

लुंगना सगळं गाडीत सांगितलं. घरी आल्यावर म्हणाले, म्हणजे ओठ हलवले आणि थोडं ऐकू आलं, "गळ्याच्या वर कापा, खाली कापा. गळा नाही."

"लुंग, मराल ना!"

"मग मरेन. चाळीस वर्षं लोक माझ्या तोंडून बोलले. राजे बोलले, वाघ बोलले. मी मुका होऊन काय करू? खुर्च्या मांडू?"

"मी मांडतेच की!" मी ओरडले. "खुर्च्या मांडणारी माणसं माणसं नाहीत का?"

पी सेंग उठून बाहेर गेला. लुंग माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "आवाज पोटातून काढलास आत्ता. बरा होता."

२७ मे

लुंग तयार झाले! एकदम. मी न मागता. सकाळी पेज पिताना म्हणाले, चार तारीख नक्की कर. तीनला दाखल व्हायचं. पेंग मावशी त्यांच्याजवळ राहणार.

अडचण एकच. मून म्हणतो, आवाज आला नसला तरी मी बोललेला नवस फेडायचाच, तोही तीन तारखेलाच. त्यानंतर भातलावणी, मग टेकडीवर महिनाभर कर्णे वाजवायचे नाहीत. आणि नवस फेडल्याशिवाय गळ्याला सुरी लावायची नाही. म्हणजे लुंग तिकडे आणि मी इकडे.

ते मला शिकवतायत. खुणांनीच जास्त. आजीचं बोलताना हनुवटी छातीला टेकव. मुलाचं बोलताना भुवया वर. बापाचं बोलताना कंबरेवर हात ठेव, आपोआप घाईत असल्यासारखं वाटतं. कुत्र्याला नुसता श्वास. मी इतकं वाईट करते की पी सेंग लोळून हसतो. "तुझी आजी आणि तुझा कुत्रा सारखेच बोलतात," म्हणतो. लुंगही हसतात, आवाज न करता. नुसते खांदे हलतात. चार तारखेनंतर ते असेच हसणार.

सारखं विचारतात, तीन तारखेला किती वाजता सुरू करणार? कुत्रा बाजारात पळतो ते रीळ कितवं? इतक्या वेळा सांगून झालंय, तरी पुन्हा विचारतात. आजारात विसरायला होत असेल.

काल रात्रभर मला वाटत होतं की चूक माझीच. वीर मी निवडला. मग वाटलं, बरेच महिने. मग पुन्हा वाटलं, वीर मी निवडला. माझ्या डोक्यात असं दोन रिळं एकावर एक चालल्यासारखं आहे.

३ जून

हे मशीनशेजारी बसून लिहिते आहे. बाजारातलं रीळ सुरू झालंय. कुत्रा पळतोय, मागे खाटीक, मागे पोरं, कुणी काही बोलत नाही, नुसता गोंधळ. लुंग म्हणायचे, पाठलाग म्हणजे बोलणाऱ्याची पाणी प्यायची वेळ. मी पाणी प्याले. अजून बराच पाठलाग आहे. लिहिलं नाही तर मी पळून जाईन.

सकाळी लुंगना इस्पितळात सोडून आलो. त्यांना निळे कपडे दिले, मनगटाला नावाची पट्टी बांधली. मी निघताना त्यांनी हात धरला आणि माझी हनुवटी छातीला टेकवून दाखवली. आजी. विसरू नको.

उजेड असतानाच सुरू केलं, आधी पडद्यावर काही दिसतच नव्हतं. पहिलं वाक्य बोलले, "मुलांनो, जेवायला या," आणि तो आवाज कर्ण्यांतून शेतावर गेला. मला कळेना कोण बोललं. मग बाप बोलला, आजी बोलली. वाईट बोलली. पण थांबले नाही. खुर्च्यांकडे एकदाच बघितलं. रिकाम्या आहेत. रिकाम्या असाव्यात. मून देवळीपाशी हात जोडून बसलाय, फोन बंद ठेवायला लावला त्याने. इस्पितळाचं काही कळत नाही. कळणार तरी काय, सुरी उद्या सकाळी आहे. आज नुसतं झोपायचंय त्यांना.

थांबायचं नाही. उठायचं नाही. लुंगचा जीव या तीन रिळांवर आहे असं समजून बोलायचं.

गाडीपलीकडे कुणीतरी बोलतंय. मोटारसायकलचा आवाज आला. या सिनेमाला कुणी येत नसतं.

पी सेंग धावत आला. तोंड पांढरं.

"क्राते, लुंग आलेत."

"कुठले लुंग?"

"आपले. भूत नाही, पाय जमिनीला टेकलेत, मी आधी तेच बघितलं. खाली सिगरेट घ्यायला जातो म्हणून निघाले. पेंग मावशी पायऱ्यांवर शोधत बसली असेल. म्हणतायत, आज शेवटचं बोलू दे. उद्या नाही जायचं म्हणतायत."

"रात्रीत परत पोचता येईल?"

"आत्ता निघालो तर. पण यानंतर अजून दोन रिळं आहेत. मून काय म्हणेल? आजोबा काय..."

मागे बघितलं. खरंच आहेत. निळे कपडे, मनगटाला पट्टी, गळ्याला काही नाही, पहिल्यांदाच गळा उघडा. माईकसाठी हात पुढे केलाय. कुत्रा अजून बाजारातच आहे, पुढच्या वळणावर आई हाक मारते, तिथून बोलणं सुरू. मून तिकडून ओरडतोय, उठू नको. आजोबा, काय ठेवून घ्यायचं ते माझं घ्या. मी जनरेटर बंद करायला उठते आहे.